उताराचा पहारा

काचेची धमनी टेबलावर आपटली आणि तिचे दोन तुकडे झाले. आतलं तांबडं पाणी उडून डॉ. निरंजन केळुसकरांच्या पांढऱ्या बाहीवर पडलं.

"फोडलीस," केळुसकर म्हणाले. रागावले नाहीत. ते कधीच रागावत नसत. त्यांच्या खोलीतला एसी आणि त्यांचा आवाज एकाच बटणावर चालतात, असं संस्थेतले शिपाईसुद्धा म्हणत.

"ही फुटली तर दुसरी येते, सर. माझ्या गावच्या बायांच्या डोक्यात तुम्ही जे करून ठेवलंत, ते कसं परत फिरवू?"

डॉ. तृप्ती येवलेचा आवाज प्रयोगशाळेच्या भिंतींवर आदळून माघारी येत होता. पलीकडच्या टेबलावरच्या मंडळींनी माना खाली घातल्या. पुण्याच्या या मेंदू-धमनी संशोधन संस्थेत आवाज चढवायची पद्धत नव्हती. तृप्तीला पद्धत माहीत होती. पण ती माणदेशातल्या करंजवणीची होती, आणि करंजवणीच्या पोरी पाळण्यातून उतरतात त्याच मुळी भांडत.

टेबलावरच्या तुकड्यांत दोघांच्या आयुष्याची कमाई पडली होती. मेंदूतल्या धमनीला एखादी कच्ची जागा असते. सायकलच्या जुन्या ट्यूबला येतो तसा तिथं फुगा धरतो. माणूस चालत-बोलत असतं, आणि एक दिवस रक्ताचा लोंढा येतो, फुगा फुटतो, उभं माणूस आडवं होतं. पूर्वी यासाठी कवटी उघडावी लागे. मग मनगटातून केसाएवढी सूक्ष्मनळी थेट डोक्यापर्यंत नेऊन फुग्यात तारेची गुंडाळी भरायची युक्ती आली. तृप्ती आणि केळुसकर त्याच वाटेनं पुढं गेले. त्यांनी रोग्याच्या स्वतःच्या पेशींपासून एक जिवंत अस्तर वाढवलं. सूक्ष्मनळीतून ते सोडलं की मानेपासून मेंदूच्या शेंड्यापर्यंत धमन्यांना आतून लिंपत जाई; कुडाला बाई शेणामातीचा हात देते तसं. लोंढा आला की हे अस्तर आवळे आणि लोंढा मोडून काढी. त्याचं नाव त्यांनी ठेवलं प्रवाहपाल.

"बस, तृप्ती. शांतपणे बोलू," केळुसकर बाही पुसत म्हणाले. "प्रवाहपाल काय करतो, हे तुला मी सांगायला हवं का?"

"मीच सांगते. दाब किती आहे, हे तो बघतच नाही. दाब किती झपाट्यानं बदलला, एवढंच त्याला कळतं. राग आला की रक्त डोक्याकडं धाव घेतं. प्रवाहपाल त्याला मानेतच अडवतो. आपल्यावर अन्याय झालाय, हे बाईला कळतं. नुसतं कळतं! कानशिलं तापत नाहीत, ओठ थरथरत नाहीत. अंगात न आलेला राग हा राग नसतो, सर. ती बातमी असते. वाचली आणि घडी घालून ठेवली."

"मग बिघडलं कुठं? विचार शाबूत आहे. त्यांना नाही म्हणता येतं."

"नाही म्हणायला राग लागत नाही. नाहीवर टिकून राहायला लागतो!"

केळुसकर हसले. "तू अर्धंच बघतेस. चढ मोडायचा, ही तुझी कल्पना. तेवढ्यावर थांबलो असतो, तर आपले रोगी उठता-बसता भोवळ येऊन पडले असते. उताराचा पहारा मी बसवला. दाब घसरू लागला की अस्तर तो धरून ठेवतं. आणि हा पहारा मी चढाच्या पहाऱ्यापेक्षा कितीतरी कडक ठेवलाय, कारण रक्त वाढलं तर मेंदू कधीतरी फुटतो, पण कमी पडलं तर हमखास मरतो. प्रवाहपालाला एवढंच ठाऊक आहे, की जे बराच वेळ चाललंय ते तसंच चालू द्यावं. झटका म्हणून बसू द्यायचा नाही, वर जाताना नाही आणि खाली येताना तर मुळीच नाही. जगात याहून सुरक्षित काही नाही."

"मग ज्यांना फुगाच नव्हता, त्यांना कशाला सुरक्षित केलंत?"

"धमनीची विकृती…"

"मागच्या साली विकृत म्हणजे फुगा धरलेली धमनी होती. यंदा विकृत म्हणजे फुगा धरू शकेल अशी धमनी. अशी कुणाची नसते, सर? आणि शिबिरात पहिल्या झटक्याला नेमक्या त्याच बाया कशा आल्या, ज्या गावच्या ओढ्यात खोदाईच्या यंत्रापुढं आडव्या झाल्या होत्या?"

"ज्यांचा दाब उसळतो त्यांना आधी बोलावलं," केळुसकर शांतपणे म्हणाले. "यंत्रापुढं आडव्या होणाऱ्या बायांचा दाब उसळणारच. यात गैर ते काय?"

तृप्तीच्या अंगाचा तिळपापड झाला. या माणसाच्या तोंडून खोटं कधी निघत नसे. खरंच तो असं काही मांडायचा, की ऐकणाऱ्याला आपल्याच डोळ्यांची शंका यावी.

आणि या सगळ्याला वाट तिनंच करून दिली होती, हे तिला जास्त डाचत होतं. प्रवाहपालाची पहिली रोगी तिची थोरली बहीण सारिकाक्का. आई गेल्यावर तृप्तीला हिनंच वाढवलं. आक्काचा फुगा खराखुरा होता, धमनीच्या फाट्यावर टपून बसलेला. तृप्तीनं स्वतःच्या हातानं सूक्ष्मनळी चढवली, अस्तर सोडलं, आक्का वाचली. टेबलावरून उतरताना म्हणालीसुद्धा, "एवढ्यासाठी उपाशी ठेवली व्हय गं मला सकाळधरनं?"

पण महिन्याभरानं तृप्ती गावी गेली, तेव्हा शेजारच्या म्हशीनं आक्काचा कोथिंबिरीचा वाफा तुडवून चिखल केला होता. आणि आक्का, जिच्या तोंडाला सरपंचसुद्धा रस्ता बदलून जायचा ती आक्का, दारात उभी राहून म्हणाली, "असू दे. मुकं जनावर ते."

पुण्याला येऊन तृप्तीनं बैठकीत सांगितलं, की अस्तरात दोष आहे, माणसाचा राग मावळतो. सगळ्यांनी ऐकलं. एकट्या केळुसकरांनी मान वर करून विचारलं होतं, "पूर्णपणे मावळतो?"

तिनं दोष म्हणून सांगितलं. त्यांनी तो गुण म्हणून ऐकला. पुढच्या उन्हाळ्यात विदागार कंपनीच्या खर्चानं करंजवणी आणि धामणवडीत मेंदूसुरक्षा शिबिरं भरली. जगभरची माहिती साठवणारी कंपनीची यंत्रं माळावर उभी राहायची होती. यंत्रं तापतात, त्यांना गार ठेवायला पाणी लागतं, आणि त्या मुलखात बारमाही पाणी म्हणजे दोन गावांमधला ओढा, एवढंच. तो उगमापासूनच नळात घालायचा बेत होता. त्यासाठी ग्रामसभेचे हात वर व्हायला हवे होते.

"सोमवारी ग्रामसभा आहे," केळुसकर म्हणाले. "मीही येतोय. तू आलीस तर बरं दिसेल. गावची लेक."

"येणार आहे. तुमच्या शेजारी उभी राहायला नाही."

त्या दिवशी श्रावणातला शेवटचा सोमवार होता. म्हणजे बाराचा दिवस.

ओढ्याच्या अल्याड करंजवणी, पल्याड धामणवडी. बाराच्या दिवशी दोन्ही काठांवर बाया उभ्या राहतात, हलगी वाजते आणि एकमेकींचा उद्धार सुरू होतो. चुलीचा, वेणीचा, सासूचा, दिराचा. वर्षभर पोटात कोंडलेलं सगळं पाण्यावरून पलीकडं फेकायचं. चाल हलगीची, शब्द जिचे तिचे. घसा बसेतोवर बार थांबवायचा नाही, हा नेम. दोन्हीकडचे घसे बसले की बाया पाण्यात उतरतात, मधोमध गळाभेट घेतात, एकमेकींना हळदीकुंकू लावतात आणि राग तिथंच ओढ्याला देऊन घरी जातात. प्रांतसाहेबांनी सभेसाठी मुद्दाम हाच दिवस धरला होता. गळाभेटी झाल्या की लगेच तिथंच सभा; माणसं आयतीच गोळा झालेली, मनं आयतीच हलकी झालेली.

तृप्ती सकाळीच काठावर पोचली. आक्का नवं लुगडं नेसून सगळ्यांच्या पुढं उभी होती. शिबिरातल्या सगळ्या बायांच्या मनगटावर असते तशी नाडीपट्टी तिच्याही मनगटावर होती. काचेच्या चिमुकल्या तुकड्यात दाबाची रेघ सरकत होती.

"आलीस व्हय? खाल्लंस का काय?"

"आक्के, आज बार हाय."

"हाय की."

"शिव्या देशील?"

"दीन की," आक्का म्हणाली. "पाठ हायत्या."

त्या दोन शब्दांनी तृप्तीला रडूच कोसळायचं, पण तिचं रडणंही रागानं वाळून गेलं होतं. पाठ हायत्या! शाळेतल्या पोरानं कविता म्हणून दाखवावी तशी तिची आक्का आता शिवी म्हणून दाखवणार होती.

सोपानकाकांनी काटक्यांच्या जाळावर हलगी शेकली आणि पहिली थाप दिली. बाराची सुरुवात नेहमीच संथ असते. एरवी दोन कडवी होतात न होतात तोच बाया हलगीच्या पुढं धावतात आणि काकांना त्यांना गाठताना घाम फुटतो.

आक्का म्हणाली :

"पल्याडच्या रेश्मे गं, तुझ्या चुलीला नाही जाळ,
पावणं आलं दारी, त्याला वाढतीस तू गाळ."

एसटी स्टँडवर गाड्यांची नावं पुकारतात, तसं म्हणाली. पल्याडची रेश्मा, धामणवडीची तोफ, हीही शिबिरातून गेलेली. तिनंही तसंच उत्तर दिलं :

"अल्याडच्या सारके गं, तुझ्या जिभेला नाही हाड,
दादला तुझा बिचारा निजतो गोठ्याच्या आड."

कुणी हसलं नाही. वडाखाली बसलेले गडी आपापल्या पायांकडं बघू लागले. एखादीचा आवाज वर निघे आणि मध्येच कुणी झाकण ठेवल्यासारखा खाली बसे. तृप्ती आक्काच्या पट्टीकडं बघत होती. रेघ उसळी मारायची, की प्रवाहपाल तिचं डोकं छाटायचा. आपणच वाढवलेलं ते अस्तर आपल्याच बहिणीच्या मानेत बसून तिचा गळा धरतंय, हे ती उघड्या डोळ्यांनी बघत होती.

"काका, बास करा," ती हलगीपाशी जाऊन पुटपुटली. "बघवंना."

"कसं बास करू, ताई? घसा बसला का एकीचा तरी?" सोपानकाका मान न वळवता म्हणाले. "आन् मी बी हळूच वाजवतूय. माजी हलगी म्होरं पळाली, तर पोरींची लाज जाईल."

घसा कुणाचा बसणार? ओरडतच कुणी नव्हतं. आणि घसा बसेतोवर बार मोडायचा नाही. म्हणून बार चालूच राहिला. ऊन काठावरून पाण्यात उतरलं, पाण्यातून वर चढलं. हलगी तशीच, बैल पाणी पिऊन घराकडं निघावा तशी. कडव्यामागून कडवं. अल्याडून एक, पल्याडून एक. ठरलेल्या शिव्या संपल्या. मग बाया मनच्या जोडू लागल्या. चूल, वेणी, दीर मागं पडले. कुणीतरी ओढ्याचं नाव घेतलं.

तृप्ती एका खडकावर डोकं धरून बसली होती. कधीतरी तिला जाणवलं, की आक्काचा आवाज बदललाय. तो मोठा झालेला नव्हता. उलट खाली गेला होता, जमिनीतून यावा तसा. तिनं मान वर केली. आक्काच्या मानेवरची शीर टरारून उभी होती. कानशिलं लाल होती.

"वढ्याला घातली नळी, नळीला घातलं टाळं,
टाळं घालणाऱ्याच्या डोळ्यांत पडू दे जाळं."

पल्याडून रेश्मानं उलट उत्तर दिलं नाही. तिनं तेच कडवं उचललं. मग तिच्या मागच्या बायांनी. मग अल्याडच्या सगळ्यांनी. दोन काठांचा एकच आवाज झाला, आणि चाल तीच, संथ.

तृप्ती धावली. आक्काचं मनगट तिनं हातात घेतलं. नाडीपट्टीवरची रेघ उसळत नव्हती, कुणी तिचं डोकं छाटत नव्हतं. ती नुसती तिरपी वर गेली होती, भरलेली गाडी घाट चढते तशी, सकाळपासून. प्रवाहपालाला झटका कळतो. हा झटका नव्हताच. हळूहळू वाढत गेलेला दाब त्याला दर क्षणाला मघाचाच वाटला, आणि तो त्याच्याभोवती निवांत आवळत बसला. फुगा पक्का झाकलेला होता. तिकडून भीती नव्हती.

संस्थेत त्यांनी रागाची चाचणी कितीदा घेतली होती! रोग्याला खुर्चीत बसवायचं, अचानक अपमान करायचा, अचानक आवाज करायचा, आणि प्रवाहपालानं तो भडका विझवला की टाळ्या. राग म्हणजे भडका, असंच सगळे धरून चालले होते. मंद आचेवर शिजलेला राग कुणी तपासलाच नव्हता. बाराच्या गावात वाढलेल्या तृप्तीनंसुद्धा नाही.

ध्वनिक्षेपक खरखरला. प्रांतसाहेब आले होते. शेजारी केळुसकर, पांढऱ्या बाहीत, आपलं काम बघायला आल्यासारखे.

"झाला का भगिनींचा कार्यक्रम?" प्रांतसाहेब मजेत म्हणाले. "घ्या, गळाभेटी घ्या, म्हणजे सभेला सुरुवात करू."

हलगी थांबली. बाया पाण्यात उतरल्या. रेश्मा आणि आक्का मधोमध भेटल्या. रेश्मानं आक्काला हळदीकुंकू लावलं, आक्कानं रेश्माला. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. आणि तशाच थांबल्या. सुटेचनात.

"जाईना गं," रेश्मा म्हणाली.

"माजाबी जाईना," आक्का म्हणाली. "दर साली हितं आलं की गार वाटतं. आज निखारा गिळल्यावाणी हाय."

साऱ्या ओढ्यात तीच कुजबुज पसरली. गळाभेटी झाल्या, कुंकू लागलं, पण राग पाण्याला दिला तरी पाणी घेईना. बाया ओल्या लुगड्यांनी काठावर चढल्या आणि सभेपुढं उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत.

"ओढा नळात घेण्याच्या ठरावाला अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत."

एकही हात हलला नाही. वडाखालच्या एका गड्याचा उठू पाहणारा हात बायकोच्या नजरेनं तिथंच गळाला. प्रांतसाहेबांनी पुन्हा वाचलं. मग समजावलं. मग रोजगार सांगितला, रस्ता सांगितला, शाळेची इमारत सांगितली. बाया ऐकत होत्या, आरडाओरडा काही नव्हता. पण त्या नजरांपुढं साहेबांचं बोलणं अडखळू लागलं आणि शेवटी आटलं.

केळुसकर तृप्तीपाशी आले. "हे काय आहे? अस्तर निकामी झालंय का?"

"उत्तम चाललंय, सर. बघा ना," तिनं आक्काची नाडीपट्टी त्यांच्यापुढं धरली. "कसा एका पातळीत दाब आहे."

त्यांनी रेघ बघितली, आणि हुशार माणूस असल्यानं पुढचं काही त्यांना सांगावं लागलं नाही. तरी ते वळून सोबत आणलेल्या रुग्णवाहिकेतल्या परिचारिकेला म्हणाले, "शामक आणा. सगळ्यांना. सौम्य मात्रा."

"हात लावून बघा!" तृप्ती त्यांच्या आणि बायांच्या मध्ये उभी राहिली. आता तिचा आवाज सगळ्या खोऱ्यात घुमत होता आणि तिला तो घुमायलाच हवा होता. "शामकानं दाब घसरेल. तुमचा पहारा तो घसरू देणार नाही, धमन्या करकचून आवळेल. इथं, या काठावर, बायांच्या मेंदूचं रक्त तुटेल. उतार चढापेक्षा कितीतरी कडक कुणी ठेवला, सर? सांगा प्रांतसाहेबांना. जगात याहून सुरक्षित काही नाही, तेही सांगा."

केळुसकरांनी परिचारिकेला हातानंच थांबवलं. "उतरेल," ते हळू म्हणाले. "आपोआप उतरेल."

"उतरेल की. सकाळभरात चढला, पण तुमच्या कडक पहाऱ्यातून उतरायला पुढचा पावसाळा उजाडेल. तेही मध्ये कुणी ठिणगी टाकली नाही तर. ते खोदाईचं यंत्र नुसतं दिसलं, तरी जेवढा उतरला तेवढा परत चढेल. तुम्ही अस्तर काढू शकत नाही, धमनी फाटेल. औषध देऊ शकत नाही. या रागावर आता एकच उपचार आहे. त्याचं कारण काढून घ्यायचं, आणि तेही बायांना पटेल इतक्या सावकाश."

प्रांतसाहेबांनी ध्वनिक्षेपक बंद केला. काठावर आणून ठेवलेल्या खोदाईच्या यंत्रावरचा चालक केव्हाचाच खाली उतरून बाजूला उभा होता.

"तृप्ते," आक्कानं हाक मारली. "वरीसभर असंच ऱ्हायचं म्हण की आमी."

तृप्तीला तिच्याकडं बघवेना. "व्हय, आक्के."

"माज्या धाकट्या लेकीला पोरगं व्हायचंय दिवाळीत. ते मांडीवर घीन, तवा बी ह्येच आसंल अंगात?"

"व्हय."

आक्कानं पदर कमरेला खोचला आणि केळुसकरांपुढं जाऊन उभी राहिली. एवढ्या संतापातही तिचा आवाज एकसारखा होता, आणि म्हणूनच त्यांनी एक पाऊल मागं घेतलं.

"तुमीच डाक्टर न्हवं? मग पेशंट सोडून कुटं निगाला? आमाला उतरायचंय. सावकाश उतरायचंय. तर मग ऐका आता बसून, एकेकीचं. सोपानदा, धरा चाल."

हलगीवर थाप पडली. केळुसकरांनी गाडीकडं बघितलं; वाट बायांनी भरली होती. त्यांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली आणि विचारलं, "खुर्ची आहे का एखादी?"

"खुर्ची न्हाई," आक्का म्हणाली. "बूट काढा आन् वढ्यात पाय सोडून बसा. काय न्यायला आला हुता, त्ये तरी कळू द्या."